सगळं गाव एकाच वेळी का पडतं?

रशियाच्या अगदी पूर्वेला, जपानच्या उत्तरेला, सखालिन नावाचं एक लांबट बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाकडे ओखा नावाचं शहर आहे (गुजरातच्या ओख्याशी त्याचा काही संबंध नाही). ओख्याच्या दक्षिणेला, कुठल्याही मोठ्या शहरापासून लांब, नेफ्तेगोर्स्क नावाचं गाव होतं. ‘नेफ्त’ म्हणजे खनिज तेल. तेलविहिरींवर काम करणाऱ्यांसाठी १९६४ साली सोव्हिएत सरकारने ते वसवलं. वस्ती तीन हजारांच्या थोडी वर. राहायला पाच मजली इमारती, एकूण १७, सगळ्या एका साच्यातल्या.

२८ मे १९९५ रोजी रात्री एक वाजून गेल्यावर जमीन हलली आणि त्या १७ च्या १७ इमारती खाली बसल्या. सुमारे २,००० माणसं मेली. म्हणजे गावातल्या दर तीन माणसांतली जवळजवळ दोन. ते गाव पुन्हा बांधलं गेलं नाही.

मोठ्या शहरात भूकंप झाला तर मृतांचा आकडा याहून कितीतरी मोठा असू शकतो, पण शहर उरतं. एक पेठ पडते, दुसरी उभी राहते. एक रुग्णालय कोसळलं तरी पलीकडचं चालू असतं. लहान, आडबाजूच्या गावाला ही सोय नसते. भ्रंशापासून, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या ज्या चिरेवर खडक सरकतात तिच्यापासून, अख्ख्या गावाचं अंतर एकच, पायाखालची जमीन बहुधा एकाच जातीची, घरं एकाच पद्धतीने बांधलेली आणि रात्री सगळी माणसं घरातच. एक घर जे सोसू शकत नाही, ते कुठलंच घर सोसू शकत नाही. भूकंपात लहान गाव पुसलं का जातं, याचं माझ्या मते सगळ्यात खरं उत्तर या सारखेपणात आहे. बातम्यांतल्या रिश्टरच्या आकड्यात ते सापडत नाही.

तरी आधी तो आकडाच बघू, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

आपली वर्तमानपत्रं ‘६.२ रिश्टर तीव्रतेचा भूकंप’ असं लिहितात. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. जमिनीच्या पोटात एकूण किती ऊर्जा मोकळी झाली, हे सांगणारा आकडा म्हणजे भूकंपाची महत्ता. एका भूकंपाला महत्ता एकच, तुम्ही कुठेही उभे असा. तुमच्या पायाखालची जमीन किती जोरात हलली, ती तीव्रता. ती गावागणिक वेगळी असते आणि मर्केली नावाच्या बारा पायऱ्यांच्या मापावर मोजतात. पहिल्या पायरीचा धक्का कुणाला कळतही नाही, बाराव्या पायरीवर काहीच उभं राहत नाही. महत्तेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, दोनाने वाढला की हजार पट. (मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञांनी खुद्द रिश्टरचं मोजमाप कधीच बाजूला ठेवलं. बातम्यांनी मात्र ते सोडलेलं नाही.)

नेफ्तेगोर्स्कच्या भूकंपाची महत्ता ७ च्या आसपास होती. याच सखालिनच्या पूर्वेला, ओखोत्स्कच्या समुद्राखाली, २४ मे २०१३ रोजी ८.३ महत्तेचा भूकंप झाला. ऊर्जा नेफ्तेगोर्स्कच्या ६० पटींहून अधिक. पार मॉस्कोपर्यंत लोकांना तो जाणवला. आणि त्यात कुणीही मेलं नाही.

कारण सरळ आहे. २०१३ च्या भूकंपाची नाभी, म्हणजे खडक फुटायला जिथे सुरुवात झाली ती जागा, सुमारे ६०० किलोमीटर खोल होती. लहरी वर येईपर्यंत ऊर्जा पसरून विरळ झाली होती. नेफ्तेगोर्स्कला खडक इतक्या वरच्या थरात फुटला की चीर जमिनीवर आली. ती सुमारे ३५ किलोमीटर लांब होती आणि तिच्या दोन्ही बाजूंची जमीन काही ठिकाणी एकमेकींच्या तुलनेत आठेक मीटर सरकली होती. कुंपण मधोमध तोडून त्याचं अर्धं टोक दोन खोल्यांच्या घराइतकं लांब नेऊन ठेवावं, तसं. आणि गाव या चिरेच्या शेजारीच.

मोरोक्कोतलं अगादीर हे २०१३ च्या भूकंपाचं उलट टोक. २९ फेब्रुवारी १९६० च्या रात्री तिथे झालेल्या भूकंपाची महत्ता ६ सुद्धा नव्हती. असे भूकंप जगात दर वर्षी शेकड्याने होतात, बहुतेकांची बातमीही होत नाही. पण हा उथळ होता, शहराच्या जवळजवळ खालीच होता, आणि १२,००० च्या वर माणसं मेली. तेव्हा आकडा ऐकल्यावर विचारायचा पुढचा प्रश्न ‘किती खोल आणि किती जवळ’ हा. त्याच्या पुढचा, ‘घरं कशी होती’.

घर पडतं म्हणजे काय होतं?

बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला की पाय थांबतात आणि वरचं अंग पुढे जातं. घराचंही तसंच. भूकंपात जमीन पाया ओढून एका बाजूला नेते. छप्पर जिथे होतं तिथेच राहू बघतं. मधल्या भिंतींना ही ओढाताण सोसावी लागते. लगेच जमीन उलट्या बाजूला जाते आणि छप्पर पुन्हा मागे राहतं. सेकंदाला काही वेळा, आणि असं दहा-वीस सेकंद. छप्पर जितकं जड तितकी भिंतीवरची ओढ जास्त. घरं आपण वरून खाली येणारा भार पेलायला बांधतो आणि त्या कामात दगड, विटा, काँक्रीट सगळेच पक्के असतात. आडव्या ओढीची गोष्ट वेगळी. त्या वेळी एक तुकडा दुसऱ्याला किती घट्ट धरून आहे यावर सगळं असतं.

नेफ्तेगोर्स्कच्या इमारती मोठमोठे ठोकळे एकमेकांवर रचून उभारलेल्या होत्या. सोव्हिएत संघात घरांची टंचाई भागवायला ही झटपट बांधणी सर्रास चालायची. (पाचच मजले का, तर त्याच्या वर गेलं की लिफ्ट बसवावी लागायची.) वजन पेलायला ठोकळा मजबूत, सांधे कच्चे. सांधे सुटले तसे मजले एकावर एक बसले. मुद्दा असा, की त्या जागी मोठ्या भूकंपाची अपेक्षाच धरलेली नव्हती, त्यामुळे भूकंपासाठी लागणारी जादा बांधणी या इमारतींत नव्हती. १७ पैकी एक इमारत जरा निराळ्या पद्धतीची असती, तर कदाचित ती उभी राहिली असती.

किल्लारीची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. महत्ता ६.२, खोली दहाएक किलोमीटर. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली, साडेनऊ हजारांहून अधिक माणसं गेली. तिथल्या दगडी भिंती दोन-अडीच फूट जाड. बघणाऱ्याला वाटावं, याला काय होणार? पण ती जाडी फसवी होती. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात: बाहेरच्या बाजूने एक दगडांची रांग, आतल्या बाजूने दुसरी, आणि मधल्या पोकळीत माती नि चिपा. या दोन रांगांना आरपार बांधणारा लांब दगड नसला, तर हादऱ्याने रांगा एकमेकींपासून सुटतात. मधली माती खाली दबते, पाचरीसारखी काम करते आणि बाहेरची रांग बाहेर, आतली आत, म्हणजे झोपलेल्या माणसांवर, पडते. वर माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर दर काही वर्षांनी मातीचा नवा थर पडायचा. प्रत्येक थराने छप्पर जड होत गेलं. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी हीच गोष्ट त्या पहाटे जिवावर उठली.

आता हिच्या शेजारी कोयना ठेवून बघा. ११ डिसेंबर १९६७, वेळ तीच पहाटेची चारच्या पुढची, महत्ताही ६.३ च्या आसपास. कोयनानगरची बहुतेक घरं मोडली, पण माणसं गेली ती सुमारे १८०. घाटातली वस्ती विरळ, भरपूर पावसाच्या मुलखामुळे छपरं उतरती आणि हलकी. आकडा सारखा, वेळ सारखी. गावं वेगळी, घरं वेगळी.

तिसरा मासला इराणमधल्या बाम शहराचा. २६ डिसेंबर २००३ च्या पहाटे ६.६ महत्तेच्या भूकंपात तिथे सुमारे २६,००० माणसं मेली. घरं कच्च्या मातीच्या विटांची. काँक्रीटचं घर पडतं तेव्हा तुळई आणि लादी यांच्या कोनात कुठेतरी पोकळी राहते, हवा राहते, आणि माणूस तिथे दोन-तीन दिवसही तग धरू शकतो. मातीच्या विटा पडल्या की त्यांचा भुगा होतो. पोकळी राहत नाही. अंगावर वजन फार नसतानाही माणूस धुळीने गुदमरतो. त्यामुळे बाममध्ये ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांचं प्रमाण अगदी कमी होतं.

नेफ्तेगोर्स्क, किल्लारी, कोयना, बाम, अगादीर: पाचही रात्री किंवा पहाटे. भूकंपाला रात्र-दिवस कळत नाही, हा योगायोगच. पण शेतकऱ्यांच्या गावात दुपारी निम्मी माणसं शिवारात असतात, तेलाच्या गावात विहिरींवर. रात्री ती सगळी छपराखाली येतात.

भूकंप संपल्यावर काय होतं, हा भाग बातम्यांत फार कमी येतो, आणि आडगावात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलेली बहुतेक माणसं शेजाऱ्यांनी काढलेली असतात. हातांनी, पहारीने, पहिल्या काही तासांत. लांबून येणारी पथकं, कुत्री, यंत्रं हे सगळं पोचेपर्यंत वाचू शकणाऱ्यांपैकी बरेच गेलेले असतात. मात्र त्यासाठी शेजारी शाबूत लागतो. सारखेपणाच्या गावात डॉक्टर, शिक्षक, लाईनमन, पोलीस सगळे त्याच ढिगाऱ्यात असतात. वाचवणारे आणि वाचवायचे असे दोन गट उरतच नाहीत. बाममध्ये रुग्णालयंही कोसळली होती. मोरोक्कोत ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ॲटलस पर्वतातली गावं पडली, तेव्हा दरडींनी डोंगरातले रस्ते बंद झाले आणि कित्येक ठिकाणी मदत वेळेत पोचलीच नाही.

नेफ्तेगोर्स्कला बचाव पथकं पोचली तेव्हा त्यांनी एक रीत पाळली: ठराविक वेळाने सगळी यंत्रं बंद, बोलणं बंद, काही मिनिटं पूर्ण शांतता. ढिगाऱ्याखालून ठोकल्याचा, कण्हण्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. आवाज आला की तिथे खोदायचं. आज आवाज टिपणारी उपकरणं आहेत, तरी ही शांतता सगळीकडे पाळतात.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळली नाही तर मदत करणाऱ्याच्या हातून माणूस जातो. मांडीवर तुळई पडून कुणी सात-आठ तास अडकलेला आहे. शुद्धीत आहे, बोलतो आहे, पाणी मागतो आहे. तुळई उचलतात, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि थोड्या वेळात तो मरतो. दबलेल्या स्नायूंच्या पेशी इतका वेळ मरत असतात. त्यांच्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन तिथेच साठून राहतं. वजन उचललं की रक्त पुन्हा वाहू लागतं आणि हे सगळं एकदम शरीरात जातं. पोटॅशियमने हृदय थांबू शकतं. त्यातून वाचला तर मायोग्लोबिनने मूत्रपिंडं निकामी होतात. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांवरून १९४१ साली डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं. उपाय म्हणजे वजन उचलण्याच्या आधीपासूनच सलाईन सुरू करणं, आणि पुढे गरज पडल्यास डायलिसिस. आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात स्पिताक हे शहर उद्ध्वस्त झालं, तेव्हा अशा शेकडो रुग्णांना पुरतील इतकी डायलिसिस यंत्रं तिथे नव्हती. त्या अनुभवातून मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीसाठी वेगळं पथकच उभं केलं. आडगावात मात्र प्रश्न डायलिसिसच्याही आधीचा असतो. सलाईनची बाटली कुठे आहे आणि ती लावणारा जिवंत आहे का?

एवढं तंत्रज्ञान आहे तर आधी इशारा का देता येत नाही, असं लोक विचारतात. भाकीत आणि इशारा यांत फरक आहे. अमुक दिवशी अमुक ठिकाणी भूकंप होईल, असं आज जगात कुणालाही सांगता येत नाही. सांगणारा भेटला तर खुशाल हसा. इशारा वेगळा: भूकंप सुरू झाल्यावर तो तुमच्यापर्यंत पोचायच्या आत फोन वाजवणं. खडकातून आधी प्राथमिक लहरी निघतात, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने. मोडतोड करणाऱ्या दुय्यम लहरी मागून येतात, सेकंदाला साडेतीनेक किलोमीटरने. या दोहोंमधल्या वेळात जपानसारखे देश इशारा देतात. पण गाव नाभीपासून वीस किलोमीटरवर असेल, तर पहिली लहर पोचते तीनेक सेकंदांत, दुसरी सहा सेकंदांच्या आत. उपकरणाने ओळखायचं, हिशोब करायचा, संदेश पाठवायचा, तोवर घर पडलेलं असतं. म्हणून अशा यंत्रणेत भूकंपाच्या अगदी जवळचा पट्टा आंधळाच राहतो. इशारा दूरच्या शहराला मिळतो. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याला मिळत नाही.

आधी बसणाऱ्या छोट्या धक्क्यांचं काय? इटलीच्या सिसिली बेटावरच्या बेलिचे खोऱ्यात १४ जानेवारी १९६८ ला दिवसा धक्के बसले. लोक घाबरून थंडीत उघड्यावर राहिले, म्हणून त्या रात्रीच्या मुख्य धक्क्यात खूप जण वाचले. किल्लारीच्या भागातही १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये धक्के बसले होते. मग ते थंडावले आणि जवळजवळ वर्षभराने मुख्य धक्का आला. कोयनेच्या परिसरात तर १९६७ पासून आजवर हजारो बारीक धक्के बसले आहेत, पण तेवढा मोठा पुन्हा नाही. छोटा धक्का हा मोठ्याचा निरोप होता की नाही, हे मोठा येऊन गेल्यावरच कळतं. वर्षभर अंगणात कोण झोपणार?

मग राहतो नकाशा. कुठला भाग किती धोक्याचा हे देश ठरवतात आणि त्यावरून बांधकामाचे नियम ठरतात. नेफ्तेगोर्स्कचा भाग फार धोक्याचा मानला नव्हता. किल्लारी तर भारताच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित, पहिल्या पट्ट्यात होती. हे नकाशे प्रामुख्याने माहीत असलेल्या भूकंपांवरून काढलेले. एखाद्या भ्रंशावर हजारो वर्षांतून एकदाच मोठा भूकंप होत असेल आणि तिथली लेखी नोंद दोन-तीनशे वर्षांचीच असेल, तर नोंद कोरी असणारच. बामचा मातीचा किल्ला शतकानुशतकं उभा होता. भूकंप इथे येत नाही, असं वाटायला याहून मोठा पुरावा काय हवा? त्या सकाळी तोही पडला. आता भूवैज्ञानिक भ्रंशावर आडवे चर खोदतात आणि मातीचे तुटलेले थर वाचून लेखणीच्या आधीचे भूकंप शोधतात. भारताने २००२ साली पहिला पट्टा नकाशातून काढूनच टाकला. त्या नव्या नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला.

घर वाचवायला फार मोठी विद्या लागते असंही नाही. दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड. दारं-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींना कंबरपट्ट्यासारखा वेढा घालणारा काँक्रीटचा किंवा लाकडाचा सलग पट्टा, ज्याला गवंडी लिंटल बँड म्हणतात. छप्पर हलकं आणि त्या पट्ट्याला बांधलेलं. असं घर मोठ्या धक्क्यात तडकेल, कदाचित नंतर राहण्याजोगंही उरणार नाही. पण ते लगेच बसत नाही, माणसाला बाहेर पडायला अवधी देतं. ज्याला आपण भूकंपरोधक घर म्हणतो त्याचं वचन एवढंच असतं. अडचण पैशापेक्षा वेळेची असते. तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या, अजून ठणठणीत दिसणाऱ्या भिंतीत पट्टा घालायला कुणी गवंडी बोलावत नाही.

आणि पडून गेलेल्या गावाचं काय करायचं? किल्लारी आणि आसपासची बरीच गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, मोकळे प्लॉट, भूकंप सोसणारी घरं. काहींना शेत लांब पडलं, जुनी आळी विखुरली, शेजारी बदलले. बेलिचे खोऱ्यातलं जिबेलिना गावही दुसरीकडे नव्याने बांधलं. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर आल्बेर्तो बुर्री या कलाकाराने पांढऱ्या काँक्रीटचे प्रचंड ठोकळे ओतवले आणि त्यांच्या मधून जुन्या गल्ल्यांच्या रेषेवर वाटा ठेवल्या. नेफ्तेगोर्स्कमधले वाचलेले लोक इतर गावांत पांगले. इमारतींचे अवशेष उचलून नेले, जमीन सपाट केली. तिथे आता एक स्मारक आहे, एक छोटं प्रार्थनामंदिर, आणि दफनभूमी.